धुतलेला कॉम्प्युटर

बन्सीशेठच्या दुकानात गूळ आणायला गेलं की आधी बातमी मिळायची, मग गूळ.

"ऐकलं का मेडिकलवाले? नवा फोन काढला. आधीच्यापेक्षा पातळ हाय म्हणे. आन पातळ केला म्हणून जास्तीचे पैसे मागून राह्यले. हेच आम्ही दुधात केलं तर पोलिस येतील."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलायची नाही. ढेपेतून गूळ काढायचा, कागदात बांधायचा, दोऱ्याला गाठ मारायची आणि मग चष्म्यावरून आपल्याकडे बघायचं. हसायचं काम गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाईक हसलं नाही तर याला बातमी कळली नाही असं समजून ते पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. त्यामुळे घाईत असलेली माणसं आधीच हसून मोकळी व्हायची.

टेंभुर्णीच्या मेन रोडवर माझं मेडिकल आणि समोर त्यांचं किराणा दुकान. मधे रस्ता, जाफराबादच्या जीपा आणि दिवसभराची धूळ. औषधाच्या दुकानातला माणूस औषधं कमी देतो आणि समोर जास्त बघतो. मी बरीच वर्षं बन्सीशेठ बघितले. आता माझं दुकान जालन्याला आहे. समोर एटीएम आहे, आणि त्यात बघण्यासारखं काही नाही.

उंच, किडकिडीत अंग. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, शर्टाला दोन खिसे. एकात फोन, दुसऱ्यात चष्मा. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पणजोबांपासून टेंभुर्णीत. घरात मारवाडी, दुकानात आपली गावची मराठी आणि राग आला की हिंदी. गादीच्या मागे पडदा, पडद्याच्या मागे घर. गादीच्या वर लक्ष्मीचा फोटो आणि फोटोशेजारी फळीवर कॉम्प्युटरचा एक काळा डबा. त्याला ना वायर, ना स्क्रीन. डब्याच्या अंगावर कुंकवाचं स्वस्तिक होतं, जुनं होऊन तपकिरी पडलेलं. नवीन गिऱ्हाईक लक्ष्मीबरोबर त्यालाही नमस्कार करून टाकायचं. एखाद्यानं विचारलं, "शेठ, हा सीपीयू इथं कशाला?" तर उत्तर मिळायचं, "सीपीयू आत असतो, हातात मावेल एवढा. हा नुसता डबा हाय." पण कशाला ठेवला, हे ते सांगायचे नाहीत.

मतं त्यांची ठाम, आणि त्यातली निम्मी साफ चुकायची. बटणं नसलेला फोन आपल्याकडे चालणार नाही, हळदीच्या बोटांना तो दाद देणार नाही, असं त्यांनी भर चौकात सांगितलं होतं. आत फिरणारी चकती नसलेल्या हार्डडिस्कवर तर त्यांचा बिलकुल भरवसा नव्हता. "जी वस्तू काम करताना आवाज करत न्हाई, ती काम करून राह्यली का झोपली, हे कळायचं कसं?" पुढे तीच डिस्क जिकडेतिकडे चालायला लागल्यावर "मी पहिल्यापासून म्हणत होतो" असं म्हणायलाही ते लाजले नाहीत. खोक्यातून चार्जर काढून टाकल्याची बातमी आली तेव्हा म्हणाले, "म्हणजे वरण देणार, भात तुम्ही घरून आणा." पुढे एआयपायी जगभरात मेमरी महाग व्हायला लागली, तर त्यांचा पारा चढला. "मी तुरीच्या डाळीची चार पोती जादा ठेवली तर साठेबाज. हे लोक साऱ्या दुनियेची मेमरी गोदामात भरून राह्यले, तर हुशार!" त्या दिवशी एक बाई नुसतं जिरं न्यायला आली होती, ती बिचारी हे सगळं ऐकून जिरं न घेताच गेली.

एवढं असून दुकानात चालू कॉम्प्युटर एकही नव्हता. आणि दुसऱ्याच्या मशीनला ते हात लावत नसत. त्यांच्या दुकानाला लागून गणेशचं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गणेशनं एखादा लॅपटॉप उघडला की बन्सीशेठ हात पाठीमागे बांधून शेजारी उभे राहायचे आणि लांबूनच बोलायचे. पंखा बघ, तिथली पट्टी बघ, ते डावीकडचं फुगलंय बघ. कधी बरोबर असायचं, कधी नाही. गणेशचे हात गुंतलेले असले आणि तो म्हणाला, "शेठ, जरा एवढं धरा," तर उत्तर ठरलेलं.

"मी बघतो. तू कर."

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात बसलेलं होतं. आधी सुकू द्या. कोणाला पहिल्याच दिवशी नवा फोन घ्यायचा असला तर, "पहिल्या लॉटचा माल ओला असतो. आधी सुकू द्या." दोन भाऊ भांडून दुकानात आले तर, "आत्ता बोलू नका. आधी सुकू द्या." माझ्या भाच्यानं मुलगी बघून आल्याबरोबर होकार कळवायचं ठरवलं, तेव्हाही हेच. गणेश त्यांची नक्कल करायचा आणि आम्ही हसायचो. पण हे वाक्य कुठून आलं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून नक्कल त्यांच्या माघारीच व्हायची.

त्यांच्याकडे खंडेनवमी मोठी असते. दुकानाचा तराजू, वजनं, तेलाची मापं, गूळ फोडायचं हत्यार, सगळं आदल्या दिवसापासून चिंचेनं घासून धुवायचं, दारात पोत्यावर वाळत घालायचं, मग हळदकुंकू, झेंडूची फुलं. ज्यावर घर चालतं ते देवापुढे मळकं ठेवायचं नाही, हा पिढ्यांचा शिरस्ता. त्या वर्षी मुलगा घरी होता. पवन, एकुलता एक, संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं एकेक भाग गोळा करून स्वतः कॉम्प्युटर बांधला होता आणि सुट्टीत घरी आणला होता. कॉलेजचं सगळं काम त्यात होतं. दसरा झाला की तेच काम एका कंपनीला दाखवायचं होतं आणि त्यावर नोकरी ठरायची होती. खंडेनवमीच्या सकाळी कसलीशी वायर आणायला तो जालन्याला गेला.

बन्सीशेठना त्या मशीनचा किती अभिमान! येईल त्याला मागच्या खोलीत नेऊन दाखवलेलं. तराजू पुजायचा आणि मुलाचं मशीन तसंच ठेवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. डब्याची बाजू उघडली तर आत किराणा दुकानाची धूळ. पीठ, तिखट, बारदानाचा भुसा. मग त्यांनी जे हयातभर केलं तेच केलं. डबा अंगणात आडवा ठेवला आणि तांब्या तांब्यानं पाणी घालून, हलक्या हातानं, आतून बाहेरून धुतला. उन्हात ठेवला. स्वच्छ धोतरानं पुसला. स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. आणि आरतीच्या वेळी, मशीन जागं असावं म्हणून, वायर लावून बटण दाबलं.

माझ्या दुकानापर्यंत आवाज आला नाही, जळल्याचा वास आला.

संध्याकाळी पवन परतला तेव्हा मी प्रसादाला त्यांच्याकडेच होतो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हार घातलेल्या डब्याकडे बघत राहिला. बन्सीशेठनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुसरी घेऊ बेटा. याच्याहून भारी." पवननं खांदा काढून घेतला.

"ज्यातलं कळत न्हाई त्याला हात लावू नका पापा," तो म्हणाला. "मलाबी लावू नका."

तो आला त्याच जीपनं परत गेला. ती नोकरी हुकली. पुढे बेंगळुरूला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला, चांगला लागला. आईला नियमानं फोन करायचा. वडिलांशी त्यानंतर एक शब्द बोलला नाही आणि टेंभुर्णीला आला नाही. दिवाळीला त्याची आई, आमच्या भाभीजी, तिकडे जायच्या. बन्सीशेठ दुकान सोडता येत नाही असं सांगायचे आणि आम्ही मान हलवायचो.

तेव्हापासून हे वेड. आधी गणेशला विचारून, मग फोनवर वाचून, मग व्हिडिओ बघून. मदरबोर्ड म्हणजे काय, त्यावर वीज कुठून कुठे जाते, चिप कशी बनते. मुलाच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग त्यांनी धरून ठेवला होता. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावू नका, असं तो म्हणाला ना, मग कळून घेऊ. कळल्यावर तर हात लावू देईल! हे त्यांनी मला असं सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं ते वेगळंच होतं. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, रस्ता ओलांडून माझ्याकडे आले, आणि अगदी डॉक्टरनं सांगावं तसं सांगू लागले.

"मेडिकलवाले, मशीन पाण्यानं न्हाई मेली. पाण्यानं मशीन मरत न्हाई. ओली असताना चालू केली, त्यानं मेली. तीन-चार दिवस सुकू दिली असती, तर जगली असती." थोडं थांबून म्हणाले, "कदाचित."

मला त्यांचा राग आला. इतक्या वर्षांनी हा शोध लावून काय मिळवलं या माणसानं? मी उगीच खोकल्याच्या बाटल्या नीट लावत बसलो.

दर खंडेनवमीला ते सकाळीच माझ्या मेडिकलमध्ये येऊन बसायचे. समोर भाभीजी एकट्या वजनं घासायच्या. बन्सीशेठ माझ्या स्टुलावर बसून औषधांच्या पट्ट्यांवरचं बारीक अक्षर वाचायचे आणि पूजा आटोपली की परत जायचे.

भाभीजींना पवनचा फोन आला की दुकानाचं काय व्हायचं ते आम्ही रोज बघत होतो. भाभीजी पडद्याच्या आत कणीक मळत बसायच्या आणि फोनचा आवाज मोठा ठेवायच्या. मुद्दामच ठेवायच्या. पवनचा आवाज आला की इकडे बन्सीशेठचा हात काट्यावर थांबायचा. गिऱ्हाइकाला बोट दाखवून गप्प करायचे. जेवलास का, पाऊस आहे का, एवढंच बोलणं. फोन बंद झाला की पुन्हा साखर मोजायला सुरुवात. गावातली गिऱ्हाइकं तेवढा वेळ न बोलता उभी राहायला शिकली होती.

गणेश तसा वाईट नाही, पण जीभ सैल. एकदा बातमी आली की मोठमोठ्या कंपन्या आता कॉम्प्युटर थंड राहावे म्हणून सरळ एका द्रवाच्या हौदात बुडवून ठेवतात. दुकानासमोर पाच-सहा जण होते. गणेश म्हणाला, "शेठ, दुनिया आत्ता शिकून राह्यली. तुम्ही तर कवाच..."

वाक्य त्यानं पुरं केलं नाही, पण झालं ते झालं. कोणी हसेना. बन्सीशेठ गादीवरून उतरले, चपला घातल्या, गणेशच्या काउंटरपाशी गेले. मला वाटलं आता हिंदी ऐकू येणार. मी काउंटरचं फळकूट वर करून रस्त्यावर आलोसुद्धा.

"ते पाणी नसतं गणेश," ते हळू आवाजात म्हणाले. "तेलासारखं असतं. त्यातनं वीज जात न्हाई. माहीत नसलं तर बोलू नये." आणि परत जाऊन बसले. गणेशनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

साऱ्या जगातल्या कंपन्यांची टर उडवणारा हा माणूस एकाच कंपनीबद्दल कधी बोलायचा नाही. पवनच्या. तिचं नाव बातमीत आलं की ते गुपचूप वाचायचे, फोन खिशात ठेवायचे आणि डाळ निवडायला घ्यायचे. चांगली बातमी असेल तर डाळ लवकर निवडून व्हायची. त्यावरून आम्ही ओळखायचो.

गेल्या वर्षी, गणपती उठल्यावर, एका सकाळी त्यांनी फोन खिशात ठेवला नाही. तो हातातच राहिला. समोरचं गिऱ्हाईक साखर मागत होतं आणि बन्सीशेठनी त्याला मीठ बांधून दिलं. गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, हे मीठ हाय." ते ऐकून मी रस्ता ओलांडला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पवनची कंपनी माणसं कमी करणार होती. किती, कोणती, काही नाही. ज्यांना काढलं त्यांना मेल जाईल, एवढंच.

"काय करतेत माहीत हाय का?" ते म्हणाले. "सकाळी माणूस जातो, दाराला कार्ड लावतो. दार उघडलं न्हाई, की समजायचं." त्यांनी ते मला असं समजावलं की जणू ही कुठल्यातरी नव्या कुलपाची बातमी आहे.

भाभीजींनी फोन लावला. उचलला नाही. दुपारी परत लावला, उचलला नाही. संध्याकाळी बंद लागला. दुसऱ्या दिवशीही बंद. आमच्या ओळीतली सगळी दुकानं दबून बोलू लागली. गणेशनं गाणी लावली नाहीत. पडद्यामागून कुकरच्या शिट्ट्या यायच्या, पण ताटं तशीच परत जात होती, हे भाभीजींच्या तोंडावर दिसत होतं. त्यानंतरच्या सकाळी बन्सीशेठ माझ्याकडे आले.

"आज रिंग जाऊन राह्यली, पण आमचा उचलत न्हाई. तुमच्या फोनवरनं लावा. नवीन नंबर उचलंल."

मी स्पीकर चालू करून लावला. रिंग जात राहिली. बन्सीशेठ काउंटरच्या त्या बाजूला, हात पाठीमागे बांधून. आणि पवननं उचलला.

"पवन, मी टेंभुर्णीहून, समोरचा मेडिकलवाला काका."

"बोला काका." आवाज खरखरीत.

पुढे काय बोलायचं हे मी ठरवलंच नव्हतं. "बरा आहेस ना?"

तो म्हणाला, "काका, पापा शेजारी हायेत का?"

मी बन्सीशेठकडे बघितलं. त्यांनी घाईघाईनं मान हलवली. नाही म्हणा, नाही म्हणा.

"नाहीत," मी म्हणालो.

"बरं. मंग त्यांना सांगा, मी पण यादीत आलो. काल सामान आणलं ऑफिसातनं. मम्मीला त्यांनीच सांगावं. नीट सांगतील." आणि फोन ठेवला.

बन्सीशेठनी सगळं ऐकलं होतं. ते माझ्या स्टुलावर बसले. मला वाटलं नोकरी गेल्याचं दुःख करतील. पण ते माझ्याकडे बघून विचारत होते, "मला सांगा म्हणला ना? माझंच नाव घेतलं ना?" त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांना काय जास्त लागलं होतं, मुलाची नोकरी गेली ते की मुलानं त्यांना निरोप पाठवला ते, हे मला आजही सांगता येणार नाही.

मग खरी घालमेल सुरू झाली. भाभीजी म्हणत होत्या, उठा, बेंगळुरूला जा, पोराला घेऊन या. बन्सीशेठनी पिशवी भरली. जालन्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसलेसुद्धा. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि हे पिशवी घेऊन खाली उतरले. भाभीजी दारात उभ्या होत्या.

"पोरगं एकटं हाय तिथं," भाभीजी सगळ्यांदेखत म्हणाल्या. त्यांना मोठ्यानं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "आन तुम्ही गाडीतून उतरून राह्यले?"

"एकदा घाईनं मारलंय," बन्सीशेठ म्हणाले. "ओलं हाय अजून. आत्ता बटण दाबलं तर जळंल."

"ते मशीन न्हाई. पोरगं हाय."

पिशवी तशीच गादीवर ठेवून ते बसले. मला भाभीजींचं पटत होतं. मी असतो तर गेलो असतो, आणि कदाचित सगळं बिघडवून आलो असतो. त्या दिवसांत पवननं स्वतःला काही करून घेतलं तर, हा विचार आम्हा प्रत्येकाच्या मनात येत होता आणि प्रत्येक जण तो गिळत होता. बन्सीशेठ रोज सकाळी माझ्या फोनवरून एक मेसेज लिहायला सांगायचे. 'जेवण वेळेवर कर.' खाली कोणाचं नाव नाही. उत्तर यायचं नाही, पण वाचल्याची निळी खूण यायची. ती बघितली की ते परत जायचे.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पवन आला. जीपमधून उतरला, दाढी वाढलेली, पाठीवर एक सॅक. आईच्या पाया पडला. बन्सीशेठ गादीवरून उठून उभे राहिले. पवननं त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि पडद्याआड गेला. बन्सीशेठ बराच वेळ उभेच होते.

त्यानंतर बातम्या बंद झाल्या. गूळ मागितला की गूळ मिळायचा, बस. घरात पोराची नोकरी गेलेली आणि आपण कंपन्यांवर विनोद करायचे, हे त्यांना जमेना. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ मला विचारून गेले, शेठची तब्येत बरी नाही का. घरात बाप आणि मुलगा एकाच पडद्याच्या दोन बाजूंना, आणि मधे भाभीजी ताटं घेऊन. एकाच घरात इतकं सांभाळून चालणारी माणसं मी पाहिली नव्हती. मला तर समोर बघणंसुद्धा नको व्हायचं.

पवन वेळ जावा म्हणून गणेशच्या दुकानात बसू लागला. फोन उघडून द्यायचा, सुटलेली वायर सोल्डर करून द्यायचा. तिथे एकदा गणेशनं, पुन्हा सैल जिभेनंच, पण या वेळी देवानं ती सैल ठेवली म्हणायची, त्याला सांगून टाकलं. मी गोळ्या द्यायला गेलो होतो, मी ऐकलं.

"तुझ्या पापांना सगळं कळतं रे. माझ्या मागं इथं उभं राहून शिकले. पण एवढ्या वर्षांत एका स्क्रूला हात लावला न्हाई. धरा म्हणलं तरी न्हाई. हात असे मागं." आणि गणेशनं हात मागे बांधून दाखवले.

पवननं हातातला फोन उलटा ठेवला आणि उठून गेला.

माझं दुकान जालन्याला हलवायचं त्याच सुमारास ठरलं होतं. खंडेनवमीला सामान बांधून झालं होतं आणि टेम्पो दारात लागला होता. बन्सीशेठ त्या वर्षी माझ्याकडे येऊन बसले नाहीत. माझ्याकडे बसायला स्टूलच उरलं नव्हतं. मी निरोप घ्यायला तिकडे गेलो तर ते दारात पोत्यावर बसून भाभीजींबरोबर वजनं घासत होते. कोपरापर्यंत चिंचेचं पाणी. मान खाली. मी म्हणालो, "शेठ, निघतो." ते म्हणाले, "प्रसाद घेऊन जा." तेवढ्यात पवन आतून एक स्टूल घेऊन आला, ते गादीवर ठेवून त्यावर चढला आणि फळीवरचा काळा डबा खाली उतरवला.

भाभीजींच्या हातातलं वजन पाण्यात पडलं. इतकी वर्षं त्या डब्याला कोणी हात लावला नव्हता. पवननं तो उन्हात, पोत्याच्या कडेला आणून ठेवला. स्वस्तिकाला धक्का लागू नये अशा बेतानं दुसऱ्या बाजूचे स्क्रू काढले. खिशातून कोरडा ब्रश काढला आणि आतली धूळ झाडायला लागला. बन्सीशेठ बघत होते. श्वास घेत होते की नाही, देव जाणे.

"यातलं काय जिवंत हाय, बघू," पवन म्हणाला. कोणाला म्हणाला ते कळलं नाही. मग त्यानं आतला बोर्ड एका बाजूनं सोडवला, दुसरी बाजू सुटेना. एका हातात बोर्ड, एका हातात पेचकस. वर न बघता तो म्हणाला, "पापा, इकडून धरा."

बन्सीशेठ उभे राहिले. त्यांचे हात आपोआप पाठीमागे गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भाभीजींकडे बघितलं. भाभीजींनी तोंडाला पदर लावला होता. मग त्यांनी हात पुढे आणले आणि ते बघून घाबरून एक पाऊल मागे सरले.

"थांब. थांब बेटा. हात ओले हायेत माझे."

त्यांनी हात शर्टाला पुसले. पायजम्याला पुसले. भाभीजींनी टॉवेल दिला, त्याला पुसले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले, आणि तरी त्यांचं समाधान होईना. टेम्पोवाला माझ्या नावानं हॉर्न वाजवत होता. पवनचा हात बोर्ड धरून अवघडला असणार, पण त्यानं तो खाली ठेवला नाही.

"सुकू द्या पापा," तो म्हणाला. "घाई न्हाई."

मला निघावं लागलं. टेम्पोत बसल्यावर मी मागे वळून पाहिलं. बन्सीशेठ दुकानाच्या दारात, भर उन्हात, दोन्ही तळवे वर करून उभे होते. आणि पवन त्यांच्या पायाशी बसून, बोर्ड उचलून धरून, त्यांची वाट बघत होता.